दिवा आणि दोष

मराठीत ‘निदान’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वैद्य रोगाचे मूळ कारण ओळखतो, ते निदान. आणि ‘निदान पाणी तरी घ्या’ असे आपण दारी आलेल्या पाहुण्यास म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘कमीत कमी’ असा होतो. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदू लागले, ते भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे. मला मात्र या शेजारात एक नीतीचा धडा दिसतो. दुसऱ्याची अडचण दूर करण्याचे काम ज्याने पत्करले, त्याच्याकडून कमीत कमी अपेक्षा ही, की त्याने आधी कारण ओळखावे. उपाय साधेल किंवा न साधेल. निदान निदान तरी प्रामाणिक असावे.

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रामाणिकपणा आहे. ज्याला कारण ठाऊक नाही, परंतु जो ठाऊक असल्याच्या सुरात बोलतो आणि त्या बोलण्यावर दुसऱ्याचा पैसा खर्च करवितो, तो असत्य बोलतो काय? त्याने जाणूनबुजून फसविलेले नसते. त्याचे म्हणणे कधी कधी खरेही ठरते. तरीही यात काही चुकले आहे, असे आपले मन सांगत राहते. ते नेमके काय, हे पाहण्यासाठी मी उदाहरण घेतो ते मोटारीच्या इंजिनाचे. विषय रूक्ष वाटेल, पण माणसाच्या व्यवहारात कार्य आणि कारण यांची गुंतागुंत इतकी असते की कोणालाही कोणतेही कारण सांगून वेळ मारून नेता येते. इंजिनात ते फार काळ चालत नाही. दोष कायम असेल तर तो परत येऊन उभा राहतो.

पेट्रोल इंजिनाचे चक्र चार टप्प्यांचे असते : हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, ठिणगीने पेटविणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे. निकोलाउस ऑटो या जर्मन यंत्रज्ञाने १८७६ साली हे चक्र प्रत्यक्षात आणले. आजही आपल्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्यावरच चालतात. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला २५ वेळा, म्हणजे चारही मिळून १०० वेळा ज्वलन होते. यातले एखादे ज्वलन झालेच नाही किंवा अर्धवट झाले, तर त्याला मिसफायर म्हणतात. आमच्या इंदूरचे मिस्त्री त्याला ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. ज्वलनाला तीन गोष्टी हव्यात : वेळेवर ठिणगी, हवा आणि इंधन यांचे योग्य प्रमाण आणि पुरेसा दाब. यांपैकी एक जरी उणी पडली, तरी परिणाम तोच. ठिणगी प्लगमुळे, कॉइलमुळे किंवा वायरमुळे हुकते; प्रमाण इंजेक्टरमुळे, पेट्रोलच्या दाबामुळे किंवा कुठून तरी शिरणाऱ्या हवेमुळे बिघडते; आणि दाब रिंगा, झडपा वा गॅस्केट यांच्या दोषाने उतरतो. कार्य एक आणि कारणे दहा, अशी ही स्थिती आहे.

हल्लीच्या गाड्यांत अशा वेळी चालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून नव्या मोटारींना स्वतःचा दोष टिपणारी ही व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे ती भारत स्टेज चारच्या काळात टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांत अधिक कडक झाली. तिचा हेतू मालकाची सोय हा नव्हता. न जळालेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडून इतरांच्या श्वासात जाऊ नये, यासाठी ती आहे. दिवा स्थिर असेल तर गाडी दाखवून घ्यावी. तो लुकलुकू लागला तर मिसफायर गंभीर आहे असे समजावे, कारण न जळालेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते आणि ते महागडे उपकरण वितळवू शकते.

हा दिवा काय जाणतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. गाडीतील संगणकाला सिलिंडरातली ज्योत दिसत नाही. क्रँकच्या दात्यांच्या चाकाजवळ एक संवेदक बसविलेला असतो. दाते किती वेगाने सरकतात, ते तो सांगतो. प्रत्येक ज्वलनाबरोबर चाकाला एक रेटा मिळतो. एखादा रेटा चुकला की चाक क्षणाच्या अत्यल्प भागापुरते मंदावते, आणि त्या मंदावण्यावरून संगणक अनुमान करतो की अमुक सिलिंडरात ज्वलन झाले नाही. खडबडीत रस्त्यावरही चाकाचा वेग असा डगमगू शकतो. पुढे स्कॅनर जोडला की ‘पी ०३०३’ असा कोड दिसतो. त्याचा अर्थ इतकाच, की तिसऱ्या सिलिंडरात मिसफायर होतो आहे. का होतो, ते त्यात नाही. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. परंतु यंत्राने अंकांत सांगितले की माणसाला तो निकाल वाटू लागतो.

आता एक प्रत्यक्ष हकीकत सांगतो. आमच्या वहिनी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. भाऊ गेल्यावर त्यांची २०१४ सालची छोटी गाडी त्याच चालवितात. गाडी पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालते. गेल्या वर्षी तिचा तो दिवा लागला आणि गाडी उभी असताना थरथरू लागली. पहिल्या कार्यशाळेत कोड वाचून चारही प्लग बदलले, कोड पुसला, दिवा विझला. अकराव्या दिवशी तो पुन्हा लागला. दुसऱ्या कार्यशाळेत ‘कॉइल गेली’ असे सांगून चारही कॉइल बदलल्या आणि इंजेक्टर साफ केले; दिवा विझला आणि तीन आठवड्यांनी लागला. दोन्ही मिळून तेरा हजारांवर खर्च झाला होता. तिसरा सल्ला मिळाला तो असा, की गाडीचा संगणकच बदलावा किंवा गाडी काढून टाकावी. पुण्याहून मुलानेही फोनवर तेच सांगितले. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, गाडी म्हातारी झाली म्हणतात सगळे. पण हे म्हातारपण फक्त सिग्नललाच कसं येतं?”

त्यांच्या प्रश्नामागे एक वही होती. शिक्षिकेच्या सवयीने त्यांनी दिवा लागल्याची प्रत्येक वेळ टिपून ठेवली होती : पलासियाचा सिग्नल, देवासहून परतताना टोलनाका, खजराण्याला वाहनतळाच्या रांगेत. सकाळी घरून निघताना एकदाही नाही. ही वही दोन्ही ठिकाणी त्यांनी नेली होती, पण ती कोणी उघडली नाही.

अखेर छावणीतल्या एका वयस्क मिस्त्रीकडे आम्ही गेलो. त्याने आधी विचारले ते ‘काय होते’ हे नव्हे, तर ‘केव्हा होते’ हे. वही पाहिली, मग स्कॅनरवर कोडाखालची नोंद काढली. दोष टिपताना संगणक त्या क्षणीची स्थितीही जपून ठेवतो : इंजिनाचे तापमान, फेरे, वेग. तेथेही तेच होते. इंजिन पुरते तापलेले आणि वेग शून्य. वही आणि यंत्र यांची साक्ष जुळली. गाडी तापल्याशिवाय मी हात लावणार नाही, असे त्याने सांगितले आणि वहिनींनाच बायपासवर चक्कर मारून यायला पाठविले.

पुढचा अर्धा तास पाहण्यासारखा होता. त्याने तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसविली. दोष तिसऱ्यातच राहिला. म्हणजे कॉइल निर्दोष. प्लगांची तशीच अदलाबदल केली, इंजेक्टरचीही केली. दोष हलला नाही. ठिणगी आणि इंधन सुटले, उरला दाब. तापल्या इंजिनाचा दाब मोजला, तर तीन सिलिंडरांत सारखा आणि तिसऱ्यात बराच कमी. मग त्याने त्या सिलिंडरात थोडे तेल सोडून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून दाब वाढला असता. तो वाढला नाही. दोष झडपेकडे आला. वरचे झाकण उघडून फिलर गेजची पाती घातली, तेव्हा तिसऱ्याच्या एक्झॉस्ट झडपेला जी साधारण पाव मिलिमीटरची सैल जागा हवी, ती जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. टॅपेट घट्ट झाला होता. इंजिन तापून झडपेची दांडी वाढली की झडप पुरती मिटत नसे आणि दाब निसटे. वेगात चालताना निसटायला वेळ कमी मिळतो म्हणून ते जाणवत नसे. सकाळी थंड इंजिनात दोष दिसतच नसे. गॅसवर चालणाऱ्या इंजिनांत झडपेची बैठक अधिक झिजून असे होते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. तरी त्याने ते आधी म्हटले नाही, शेवटी म्हटले. इंजिन थंड झाल्यावर त्याने टॅपेट जुळवून दिले. एकही नवा भाग लागला नाही. आणखी काही महिने तसेच गेले असते, तर झडप जळून इंजिन उतरविण्याची पाळी आली असती.

या हकीकतीत कोणी खलनायक नाही. प्लग आणि कॉइल ही मिसफायरची नेहमीची कारणे आहेत, हे खरेच. मग पहिल्या दोघांचे चुकले कोठे? आपल्या नैयायिकांनी याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण अग्नीवाचून धूर कोठेच नसतो. उलट अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओल्या सरपणाची जोड लागते. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी विद्यार्थिदशेत वाचला असेल, त्यांना ही उदाहरणे आठवतील. प्लग बिघडला तर मिसफायर होतो, हे बरोबर. पण मिसफायर झाला म्हणून प्लग बिघडला, हे नव्हे, कारण प्लग चांगला असतानाही मिसफायर होतो. अशा हेतूला शास्त्रात सव्यभिचार म्हटले आहे. मिस्त्रीने केले ते अन्वय-व्यतिरेकाचे काम होते : संशयित वस्तू जेथे जाईल तेथे दोष जातो का, आणि ती जेथून काढली तेथून दोष जातो का, हे त्याने पाहिले. त्याने न्यायशास्त्र वाचले नसेल. परंतु कारण म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते.

मग लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाला उत्तर मिळते. तर्क करणे हा दोष नव्हे. मिस्त्रीनेही तर्कच केले, तेही पाच-सहा. फरक दोन ठिकाणी आहे. एक, त्याचे तर्क फुकट होते आणि परत घेता येण्याजोगे होते. कॉइल जागेवर बसविली की काही बिघडत नव्हते. दुसरे, त्याचा प्रत्येक तर्क चुकला तरी काही शिकवून जात होता. पहिल्या दोघांचा तर्क चुकला तेव्हा वहिनींचे पैसे गेले आणि ज्ञानात भर पडली नाही; चारही भाग एकदम बदलल्याने कोणता चांगला होता, तेही कळायचा मार्ग राहिला नाही. आपल्याजवळ पुरावा जेवढा आहे, त्याहून अधिक खात्री दाखविणे हा असत्याचाच एक प्रकार आहे, असे माझे मत झाले आहे. ‘प्लग असावा, बदलून पाहू’ असे म्हणणारा माणूस आणि ‘प्लग गेला आहे’ असे म्हणणारा माणूस यांच्या हातून एकच काम होते. पण पहिला आपल्याला निर्णयात सहभागी करतो, दुसरा आपला निर्णय हिरावून घेतो.

याहून गंभीर गोष्ट कोड पुसण्याची आहे. दिवा विझविणे सोपे असते. स्कॅनरची एक कळ पुरते. परंतु कोडाबरोबर त्या क्षणीची नोंदही पुसली जाते, आणि व्यवस्था अशी असते की सामान्यतः तोच दोष एकाहून अधिक फेऱ्यांत पुन्हा दिसल्याखेरीज दिवा लागत नाही. त्यामुळे काही दिवस सर्व आलबेल वाटते. त्या दिवसांत मालक पैसे देऊन घरी जातो, आणि दुसऱ्या कार्यशाळेत पोहोचतो तेव्हा पहिला पुरावा नाहीसा झालेला असतो. वहिनींच्या बाबतीत दोन वेळचा पुरावा असाच गेला. उरली ती त्यांची वही. कोड दुरुस्तीनंतर पुसावा, हे योग्य. दुरुस्तीऐवजी पुसणे म्हणजे साक्षीदाराला गावाबाहेर काढणे होय.

शासकीय सेवेत असताना हा प्रकार मी दुसऱ्या वेषात पाहिला आहे. तक्रार नोंदवहीत ‘निकाली’ असा एक रकाना असतो. महिनाअखेर किती प्रकरणे निकाली निघाली, याचा तक्ता वर जातो. तक्रार निकाली निघणे आणि तक्रारीचे कारण दूर होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे तक्त्यात कोठेही दिसत नाही. एका गावच्या हातपंपाबद्दल बायकांची तक्रार वारंवार येई, की पहाटे कितीतरी वेळ दांडा मारला तरी पाणी येत नाही. तपासणीस जाणारा माणूस दुपारी जाई. दांडा मारताच पाणी येई. वॉशर बदलून ‘पंप चालू, तक्रार निकाली’ असा शेरा पडे. पुढे एका कनिष्ठ अभियंत्याने रात्री मुक्काम करून पहाटे पंप पाहिला, तेव्हा उलगडा झाला. खालची झडप गळत होती. रात्रभर पंप बंद राहिला की नळीतले पाणी उतरून जाई आणि सकाळी रिकामी नळी पुन्हा भरावी लागे. दुपारी पंप सतत चालू असल्याने नळी भरलेली असे. बायका खरे सांगत होत्या आणि तपासणारेही खोटे लिहीत नव्हते. फक्त दोष ज्या वेळी प्रकट होई, त्या वेळी तेथे जाण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. थंड इंजिन तपासून ‘ठीक आहे’ म्हणणे आणि दुपारी पंप पाहून ‘चालू’ लिहिणे, यांत फरक नाही. ज्याला त्रास होतो त्याच्या वेळेला हजर राहणे, हे निदानाचे पहिले कर्तव्य आहे.

संकेत झाकून ठेवण्याची सवय किती दूर जाते, हे आम्हा मध्य प्रदेशातील लोकांना निराळे सांगायला नको. भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये विषारी वायूने एका कामगाराचा मृत्यू झाला होता. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून धोक्याचे लेख लिहिले होते. मिथाइल आयसोसायनेटच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा दुर्घटनेच्या काही महिने आधीच बंद करण्यात आली होती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जे घडले, ते पूर्वसूचनेवाचून घडले नाही. सूचना होत्या; प्रत्येक सूचना एकेकटी निकाली निघाली होती. एका छोट्या मोटारीची तुलना त्या रात्रीशी करणे धाडसाचे आहे, हे मी जाणतो. हानीचे माप वेगळे आहे. परंतु दिव्याकडे उपद्रव म्हणून पाहण्याची मनोवृत्ती एकच आहे.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कार्यशाळेच्या देयकात सुट्या भागांचा रकाना असतो, मजुरीचा असतो. विचार करण्याचा नसतो. प्लग बदलला की गिऱ्हाईक जुना प्लग हातात घेऊन समाधानाने पैसे देते. ‘दोन तास तपासले, अजून कारण सापडले नाही’ असे म्हणणाऱ्याला दोन तासांचे पैसे देणारे किती? छावणीच्या मिस्त्रीने बाराशे रुपये घेतले. त्यांतले मोठे माप तपासणीचे होते. शेजारच्या एका गृहस्थांनी ते ऐकून विचारले, “काही बदलले नाही, मग बाराशे कशाचे?” या एका प्रश्नात कार्यशाळांच्या वागणुकीचे अर्धे कारण आहे. आपण दिवा विझविण्याचे पैसे देतो, म्हणून आपल्याला दिवा विझवून मिळतो. दोष शोधण्याची किंमत मोजायची तयारी नसलेल्या समाजात दोष शोधणारे टिकत नाहीत; वस्तू विकणारे टिकतात.

आणखी एक आक्षेप असा, की प्रत्येक वेळी कारण सिद्ध होईपर्यंत थांबता येत नाही. रोगी अत्यवस्थ असेल तर वैद्य आधी औषध देतो. हे मान्य केले पाहिजे, आणि आपल्या परंपरेने ते मान्य केलेही आहे. आयुर्वेदात निदानाची पाच अंगे सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांतील उपशय म्हणजे, रोग गूढ असेल तेव्हा औषध वा आहार देऊन पाहणे आणि त्याने बरे वाटते की नाही, यावरून रोग ओळखणे. म्हणजे औषध देऊन पाहणे हेही निदानाचे अंग होऊ शकते. अट एवढीच, की आपण पाहत आहोत हे वैद्याने विसरू नये आणि रोग्यापासून लपवू नये. उपचार करून पुढचा परिणाम न पाहणे, आणि परिणाम उलट आला तरी आपलेच म्हणणे धरून बसणे, हा उपशय नव्हे.

पुष्कळदा मन स्वतःलाच फसविते. वहिनींची गाडी पहिल्यांदा थरथरली, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी नव्या पंपावर पेट्रोल भरले होते. कित्येकांनी ‘पेट्रोलच खराब’ असा निकाल देऊन टाकला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, की कावळ्याला आरोपी करण्याची आपली जुनी खोड आहे. यावरचा उपाय वहिनींच्या वहीत आहे. एका घटनेवरून कारण ठरत नाही. कोठे होते आणि कोठे होत नाही, या दोन्ही बाजूंच्या नोंदी असाव्या लागतात. ‘सकाळी नाही’ ही नोंद ‘सिग्नलला होते’ या नोंदीइतकीच बोलकी होती.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी समाजालाही हे लागू आहे. सभेची हजेरी रोडावली, वाचनालयात तरुण दिसत नाहीत, नातवंडे आजीशी हिंदीत बोलतात. हा दिवा आपल्यासमोर बऱ्याच वर्षांपासून लागलेला आहे. कारणेही आपण झटपट सांगतो : आधी दूरदर्शन, मग इंग्रजी शाळा, आता मोबाइल. प्रत्येक कारणाबरोबर एक नवा भाग बदलला जातो. कधी स्पर्धा, कधी शिबिर, कधी संस्कारवर्ग. वार्षिक अहवालात दिवा विझतो. जो आला नाही त्याच्या घरी, त्याच्या सोयीच्या वेळी जाऊन, ‘का आला नाहीस’ असे न रागावता विचारणारे किती? कदाचित कारण ठिणगीचे नसेलही. कोठे तरी एखादी झडप पुरती मिटत नसेल. ते बाहेरून, थंड इंजिनात, कळणार नाही.

शेवटी त्या दिव्याचीच एक रीत सांगण्यासारखी आहे. किल्ली फिरविली की इंजिन सुरू होण्याआधी इंजिनाचा तो पिवळा दिवा लागतो, आणि सर्व ठीक असेल तर इंजिन सुरू झाल्यावर विझतो. जाणते लोक जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून पाहतात, कारण एखाद्या विक्रेत्याने दिव्याची जोडणीच तोडलेली असू शकते. निर्दोष गाडीचा दिवा आणि तोंड दाबलेल्या गाडीचा दिवा, दोन्ही चालताना सारखेच काळे दिसतात. घरात कोणी तक्रार करत नाही, कचेरीत एकही प्रकरण शिल्लक नाही, सभेत कोणी विरोधात बोलत नाही, एवढ्यावरून तेथे सर्व ठीक आहे असे समजू नये. तेथे दिवा लागू शकतो का, हे आधी पाहावे. लागू शकत असेल आणि तरीही विझलेला असेल, तरच त्या काळोखावर विश्वास ठेवावा.